पेरणीनंतरची राखण

रविवारची उपासना आटोपली, जेवणं झाली, की दुपारी तीनच्या सुमाराला छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी पाच-सहा जण जमतात. संत एकनाथ रंगमंदिरापासून चालत पाच मिनिटांचं अंतर. कुणी छावणीतून येतं, कुणी स्टेशनकडून, एक जण तर जालन्याहून एसटीने येतो. दोघे कॅथलिक, दोघे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, एक मुक्तिफौजेच्या घरातला, आणि एक मुलगी अशी की जिला कुठल्याच धर्माची फारशी ओढ नाही, पण मराठी शुद्धलेखनाची फार आहे. मराठी विकिपीडियावर ख्रिस्ती विषयांची जी पानं आहेत ती वाचायची, चुका काढायच्या, दाखले जोडायचे आणि जमेल तसं नवं लिहायचं, हे आमचं काम.

मागच्या पावसाळ्यात एक मावशी आमच्याकडे आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात टॉवेलात गुंडाळलेली एका खेड्यातल्या चर्चची जुनी स्मरणिका. पिना गंजलेल्या, त्यांचा तांबडा डाग आठ-दहा पानांतून आरपार गेलेला, मुखपृष्ठ फाटून गेलेलं. आत चर्च बांधणाऱ्या पहिल्या कुटुंबांची यादी होती, कुणी किती वर्गणी दिली त्याचा हिशेब होता.

“हे नेटवर चढवून द्या,” मावशी म्हणाल्या. “माझ्यामागं घरात हे कुणी उघडायचं नाही. रद्दीत जाईल.”

जालन्याच्या मुलाने स्मरणिका उलटीसुलटी करून पाहिली. साल नाही, मुद्रक नाही, प्रकाशक नाही. जे काही असेल ते मुखपृष्ठाबरोबर गेलेलं. त्याने विचारलं, “मावशी, हे कधीचं?”

“माझ्या थोरल्याचा बाप्तिस्मा झाला ना, त्या साली निघालं.”

मावशींच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसं होतं. ज्ञानकोशाला ते चालत नाही, त्याला प्रसिद्ध झालेला दाखला लागतो. मावशींची आठवण आणि ज्ञानकोशाचा नियम यांच्यामधली ही वाट कशी चालायची, हे सांगण्यासाठी प्रस्तुत पुस्तिका तयार झाली आहे. ती प्रामुख्याने नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. पण मला स्वतःला तिच्यात सगळ्यांत मोलाचा वाटतो तो शेवटचा भाग, लेख लिहून झाल्यानंतर काय करायचं याचा. आमच्याकडे पेरणारे पुष्कळ येतात. नाताळच्या आसपास तर उत्साहाला भरती येते, एका बैठकीत चार-चार लेख होतात. मळ्यावर राखणीला बसणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सामूहिक ज्ञानकोशाची मोठी अडचण हीच आहे, आणि ख्रिस्ती विषयांच्या बाबतीत ती जास्त टोचते. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या एक टक्क्याच्या आत. त्यातले मराठीतून लिहिणारे किती, त्यातले संगणकावर लिहिणारे किती, आणि त्यातले दर आठवड्याला परत येणारे किती!

राखण म्हणजे काय हे मराठी ख्रिस्ती माणसाला खरं तर नव्याने सांगावं लागू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. पुढे १६४९ आणि १६५४मध्येही ते छापल्याच्या नोंदी आहेत. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. तरी ग्रंथ उरला, कारण माणसांनी तो हाताने उतरून घेतला. लोक वाचत होते, गात होते, पोथी जीर्ण झाली की नवी नक्कल करत होते. त्या नकलांच्या आधाराने १९०७मध्ये मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती निघाली, १९५६मध्ये शांताराम बंडेलू यांनी ती देवनागरीत आणली. कोण होते ते नक्कल करणारे? बहुतेकांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. मला तर ते आमच्या कामाचे पूर्वज वाटतात. एकाने लिहिलं, अनेकांनी राखलं, म्हणून चारशे वर्षांनी आपण वाचतो आहोत.

मराठीला ज्ञानकोशांचंही वेड जुनं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरले आणि तेवीस खंड पुरे केले. त्यातले पहिले पाच त्यांनी प्रस्तावनेलाच दिले होते. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६मध्ये आला, विसावा २०१५मध्ये. त्यामागे सरकार होतं, पगारी संपादक होते, तरी चाळीस वर्षं लागली. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियामागे यातलं काही नाही. आज तिथली लेखसंख्या लाखाच्या आसपास आहे, आणि तो सगळा डोलारा मूठभर माणसांच्या रिकाम्या वेळावर उभा आहे.

मग ख्रिस्ती विषयांचा आपला स्वतंत्र कोश का काढू नये, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. जगात तसे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत १९०७ ते १९१२ या काळात इंग्रजी ‘कॅथलिक एन्सायक्लोपीडिया’चे पंधरा खंड निघाले. १९९३मध्ये पोप जॉन पॉल दुसरे डेन्व्हरला आले, त्या भेटीतून प्रेरणा घेऊन केव्हिन नाइट या गृहस्थांनी ते सगळे खंड इंटरनेटवर आणायचं मनावर घेतलं. देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी पानं टाइप केली आणि १९९७पर्यंत काम पुरं झालं. ते शक्य झालं, कारण मजकूर तयार होता, त्याचा स्वामित्वहक्क संपला होता आणि कामाला शेवट होता. ‘ऑर्थोडॉक्सविकी’ २००४मध्ये सुरू झाला. त्याने आपण ऑर्थोडॉक्स दृष्टीनेच लिहिणार असं उघड सांगितलं. एका पंथाचं घर म्हणून ते ठीक आहे. आपल्याकडे मात्र घर कोणाचं म्हणायचं? वसईचे कॅथलिक, नगरकडचे प्रोटेस्टंट, मराठवाड्यातली नवी पेंटेकॉस्टल मंडळी, या सगळ्यांना एका छपराखाली एकच दृष्टी मान्य होईल असं मला वाटत नाही.

आणि स्वतंत्र घराला भाडं लागतं. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघा-चौघांनी मराठी ख्रिस्ती माहितीचं स्वतःचं संकेतस्थळ केलं होतं. फार मेहनत घेतली होती. ज्या मुलाकडे सगळे पासवर्ड होते तो नोकरीसाठी पुण्याला गेला, नूतनीकरणाची तारीख कुणाच्या लक्षात राहिली नाही, आणि एके सकाळी ते पान उघडेना. लेखांच्या प्रती वेगळ्या ठेवायला हव्यात हे तेव्हा कुणालाच सुचलं नव्हतं. त्यात एका वृद्ध पाळकसाहेबांची दीर्घ मुलाखत होती. ते आता नाहीत, मुलाखतही नाही. ती हळहळ अजून जात नाही. सामाईक विकिपीडियात लिहावं हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. तिथे भाडं दुसरं कुणी भरतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे आपला शेजारी वाचायला येतो. ख्रिस्ती माणसांविषयी ख्रिस्ती माणसांनीच वाचायचं असेल तर स्मरणिका पुरे.

पण सामाईक घरात शब्दांपासूनच वाद सुरू होतो. लेखाचं शीर्षक काय द्यायचं? प्रोटेस्टंट म्हणतात बाप्तिस्मा, कॅथलिकांच्या पुस्तकांत स्नानसंस्कार. एकाकडे मिस्सा, दुसऱ्याकडे प्रभुभोजन. एकाचे फादर, दुसऱ्याचे पाळक, आणि बाहेरच्या सगळ्यांसाठी सरसकट पाद्री. शुभवर्तमान की सुवार्ता? मत्तय की मॅथ्यू? येशू की येशु? खुद्द समाजाचं नाव घ्या. आपण ख्रिस्ती म्हणतो, सरकारी कागद ख्रिश्चन म्हणतो, वसईत जुनी माणसं किरिस्ताव म्हणतात. एकाच विषयावर दोन नावांनी दोन लेख तयार होतात, दोन्ही अर्धवट राहतात, शोधणाऱ्याला तिसऱ्याच नावाने काही सापडत नाही. आमच्या बैठकीत बाप्तिस्मा आणि स्नानसंस्कार यांवर तीन रविवार गेले. शेवटी लेख एक ठेवला, दुसऱ्या नावाने येणाऱ्याला तिकडेच पोहोचवणारी पाटी लावली आणि पहिल्याच परिच्छेदात दोन्ही नावं कुठे चालतात ते सांगितलं. हे लिहायला दोन ओळी पुरतात, पण ते तीन रविवार वाया गेले असं मी म्हणणार नाही. आपल्या शेजारच्या चर्चमध्ये काय म्हणतात हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

गावांच्या नावांचं काम आणखी नाजूक. आमच्या लेखांत येणारी तीन गावं म्हणजे अहमदनगर, औरंगाबाद आणि उस्मानाबाद. आता ती अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आहेत. एका उत्साही सदस्याने एका रात्रीत कित्येक पानांवर जुनं नाव काढून नवं घातलं. हेतू चांगला होता. पण सकाळी वाचलं तर ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२मध्ये अहिल्यानगरला सुरू झालेलं, १९७७मध्ये पोपनी स्थापन केलेल्या औरंगाबाद धर्मप्रांताचं नावच बदललेलं, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले. ज्या दिवशी जे नाव होतं ते तिथे राहिलं पाहिजे, आजचं नाव शेजारी कंसात आलं पाहिजे. एकेक वाक्य पाहून हे दुरुस्त करायला आम्हाला महिना लागला. विकिपीडियावरचे ताजे बदल दाखवणारं ‘अलीकडील बदल’ हे पान रोज कुणीतरी उघडलं असतं तर तासाभरात झालं असतं.

यानंतरची अडचण आपल्या मनातली आहे. चर्चमध्ये आपल्याला साक्ष द्यायची सवय असते. प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने ‘आमेन’ म्हणायचं. ज्ञानकोश साक्ष घेत नाही, तो दाखला मागतो. त्यामुळे मनापासून लिहिलेला लेख जेव्हा उलटवला जातो, म्हणजे दुसरा कुणी तो मागे घेतो, तेव्हा श्रद्धेवरच घाव घातल्यासारखं वाटतं, आणि चांगली माणसं कायमची निघून जातात. उलट बाजूने येणारेही आहेत, ज्यांना प्रत्येक मिशन शाळेत कट दिसतो. दोघांनाही एकच कसोटी लावावी लागते. नारायण शेषाद्रींचं उदाहरण आम्ही नव्या सदस्यांना मुद्दाम देतो. १८४३मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. आपल्या भागातलं केवढं मोठं नाव! पण त्याच वेळी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला होता, तो न्यायालयामार्फत घरी परत आला, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. एका भावाची गोष्ट ख्रिस्ती इतिहासात आहे, दुसऱ्याची हिंदू सुधारणेच्या इतिहासात. लेख प्रामाणिक व्हायचा तर दोन्ही भाऊ एका पानावर यायला हवेत. असं पान लिहिता आलं की ते टिकतं, कारण मग दोन्ही बाजूंचे लोक त्याची राखण करतात.

आता दाखल्यांविषयी. इथे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण इथे अन्याय होतो आणि तो कुणी मुद्दाम करत नाही.

चर्च मिशनरी सोसायटीचे कागद बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात आहेत. अमेरिकन मराठी मिशनचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या ग्रंथालयात. सोसायटीचं औरंगाबादचं काम ज्यांनी उभारलं ते रतनजी नौरोजी पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले, इथेच राबलेले. त्यांचा माग काढायलाही साता समुद्रापलीकडच्या इंग्रजी अहवालांकडे जावं लागतं. त्या अहवालांत मिशनऱ्याचं नाव असतं, घोड्याच्या खर्चाचा आकडा असतो, आणि घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या बाईच्या जागी नुसतं ‘बायबल बाई’ असतं. नावाजलेल्यांची पानं चांगली होतात. बाबा पद्मनजी आहेत, त्यांचं १८५७चं ‘यमुनापर्यटन’ आहे. पंडिता रमाबाई आहेत, नारायण वामन टिळक आहेत, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई आहेत. त्यांनी स्वतः लिहिलं, त्यांच्यावर इतरांनी लिहिलं. पण नगर आणि मराठवाड्यातली बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार आणि मांग समाजांतून आली. चर्चच्या भिंती त्यांनी उभारल्या, भजनं त्यांनी गायली. त्यांच्यावर छापलेलं फार थोडं आहे, आणि जे आहे ते मावशींच्या पिशवीतल्यासारखं आहे. मुखपृष्ठ नसलेलं.

म्हणून या पुस्तिकेत लेख कसा लिहावा याच्याही आधी, छापलेलं कसं वाचवावं हे आलं आहे. कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. बाबा पद्मनजी १९०६मध्ये गेले, टिळक १९१९मध्ये, रमाबाई १९२२मध्ये. त्यांचं सगळं लेखन आज विकिपीडियाच्या भावंडावर, मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयावर, मोकळेपणाने ठेवता येतं. पानांचे फोटो काढायचे, यंत्राने अक्षरं ओळखायची, मग माणसाने ओळ न् ओळ ताडून पाहायची. जुन्या छपाईतला पोटफोड्या ष यंत्राला प दिसतो, रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसतो. संगणकावर जुळवलेल्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत, फाइल मिळाली तरी मजकूर उचलताच नुसती चिन्हं उमटतात, आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. या कामाला टाळ्या पडत नाहीत. तरीही दुपारभर बसून पाच पानं निर्दोष केली की जे समाधान वाटतं ते मी दुसऱ्या कशात अनुभवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही, आणि ती पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे. हयात असलेल्या साध्या माणसाचा धर्म, त्याच्या घराण्याचं धर्मांतर, त्याचा फोटो, यातलं काहीही ज्ञानकोशात घालायचं नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. कितीतरी घरांत एका भावाच्या कागदावर एक धर्म आहे, दुसऱ्याच्या कागदावर दुसरा. आपण कौतुकाने लिहिलेली एक ओळ कुणाच्या तरी मुलाच्या प्रमाणपत्रावर जाऊन पडू शकते. आजच्या दिवसांत स्वतःच्या नावाने संपादन करायला कुणी कचरत असेल तर त्यालाही आम्ही आग्रह करत नाही. टोपणनावाने केलेली दुरुस्ती तेवढीच खरी असते.

मावशींच्या स्मरणिकेचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. आमच्यातले दोघे त्या खेड्यात गेले. तिथल्या पाळकसाहेबांनी कपाटातून बाप्तिस्म्याची नोंदवही काढली. थोरल्याची नोंद सापडली, साल कळलं. नोंदवही छापील नाही, म्हणून ती दाखला होऊ शकत नव्हती, पण शोधायला साल मिळालं. त्या सालाची स्मरणिका कुणाकडे आहे का, असं आसपासच्या सात-आठ घरी विचारलं, आणि तिसऱ्या आठवड्यात जालन्याच्या मुलाच्याच आत्याच्या पेटीत दुसरी प्रत निघाली. मुखपृष्ठासकट. मुद्रक, प्रकाशक, महिना, सगळं.

पुढच्या रविवारी मावशींना बोलावून त्या चर्चवरचं विकिपीडियाचं नवं पान दाखवलं. मोबाइल डोळ्यांजवळ धरून त्यांनी पहिल्या कुटुंबांची यादी बोटाने वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “यात आमच्या सासूबाई कुठं आहेत? त्यांनी तर विटा वाहिल्या.”

स्मरणिकेत फक्त पुरुषांची नावं होती. शुद्धलेखनवाल्या मुलीने लेखाचं चर्चा पान उघडलं आणि तारीख घालून लिहिलं, की बांधकामात राबलेल्या बायकांची नावं छापील साधनांत मिळत नाहीत, कुणाला आढळल्यास कळवावं. मग तिने मावशींना सासूबाईंचं पूर्ण नाव विचारलं, आणि आपल्या वहीत उतरवून घेतलं.

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर